व्रताचा रकाना

मायाक्काची महिन्यातली तिसरी तांबडी सोमवारी पडली. नियमाप्रमाणे मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिला न्यायला गाडी यायला हवी होती. मधे फक्त माझी सही होती.

बोरगेवाडीच्या शाळेत फाटकाशी श्वासहजेरीचं यंत्र बसल्याला तेव्हा तिसरं वर्ष चाललं होतं. पोरं त्याला फुंकणी म्हणत. चुलीतली फुंकणी त्यांच्यातल्या निम्म्यांनी पाहिलीही नसेल, पण आया म्हणायच्या म्हणून तेच नाव पडलं. कमरेएवढा खांब, त्याला बोटभर नळी, वर एक दिवा. आत येताना प्रत्येकानं नळीत एक फुंकर मारायची. दिवा हिरवा झाला की चला वर्गात.

माणसाच्या श्वासातून नुसती हवा बाहेर पडत नाही. रक्तातली शेकडो उडून जाणारी द्रव्यं फुप्फुसात येतात आणि श्वासाबरोबर निघून जातात. प्रत्येकाचं मिश्रण निराळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. म्हणून हजेरीत लबाडी चालत नाही. एकाच्या जागी दुसरा फुंकू शकत नाही. पुढं सरकारच्या लक्षात आलं की ही नळी याहून जास्त सांगते. शरीराला वापरायला साखर मिळेनाशी झाली, की ते साठवलेली चरबी जाळायला घेतं. त्या जळण्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं. नखांचा रंग पुसायच्या पाण्याला येतो ना, तो वास त्याचाच. ते रक्तातून श्वासात उतरतं. म्हणजे रात्री कोण पोर उपाशी झोपलं, हे सकाळी नऊच्या आत फुंकणीला कळायचं, आणि त्याचा दिवा तांबडा व्हायचा. महिन्यात तीन तांबड्या म्हणजे घरात पोराला पुरेसं खायला मिळत नाही. मग तीन महिने संगोपन सदन. आईबापांनी पहिल्या रविवारी भेटायला यायचं.

हेतू वाईट नव्हता. मी अकरा वर्षं या भागातल्या शाळांची समाजसेविका. पूर्वी गैरहजर पोरांच्या मागं बेदाण्याच्या शेडा पालथ्या घालायची. भुकेलं पोर कधी सांगत नाही की मला भूक लागली. ते म्हणतं, पोटात दुखतंय. पहिल्या वर्षी फुंकणीनं जी चार पोरं शोधली, ती माझ्या नजरेतून सुटली होती. मला त्या नळीचे उपकारच वाटले.

पण त्याच वर्षी भाद्रपदात आमच्या जैन गल्लीतल्या सात पोरांचे दिवे तांबडे झाले. उपासांचं दशलक्षण पर्व चालू होतं. घटस्थापनेला उरलेल्या गावातली पोरं तांबडी झाली. आपल्या हौसेनं एकभुक्त राहिलेल्या एका पोराच्या दारात गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा मी अनवाणी धावले. मग वरती अर्ज केला, अकरा पानांचा. श्रद्धेनं सोडलेलं अन्न आणि न मिळालेलं अन्न यांत फरक आहे, तो यंत्राला शिकवा, असं लिहिलं. आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं. नोंदीत एक नवा रकाना आला, ‘व्रत’. शाळेच्या समाजसेविकेनं तिथं सही केली की त्या पोराच्या श्वासातलं अ‍ॅसिटोन फुंकणी हिशेबात धरायचीच नाही. हिरव्या दिव्यात एक बारीकशी समई दिसायची. ते चित्र मीच सुचवलं होतं.

मंगळवारी सकाळी देवदर्शन करून मी शेडवर गेले. माघ नुकताच लागला होता, हंगाम भरात होता. रॅकवर जाळ्यांत घड वाळत होते, गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. लांब टेबलाशी बायका बेदाणा निवडत होत्या. काडी इकडं, काळा मणी तिकडं. मायाक्काची आई सत्यव्वा टोकाला बसली होती. जतकडची बाई. नवरा बोरवेलच्या गाडीवर कोकणात, वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा.

“या ताई, बरं झालं आलासा,” मुकादम दऱ्याप्पा म्हणाला. “ह्या सत्यव्वाच्या पोरीला जरा शानी करा. शाळा सुटली की हितं येती आन माल खाती. तोंडाला वास येतोय बगा, गोड गोड.”

“माझी पोरगी चोर न्हाई,” सत्यव्वा मान वर न करता म्हणाली.

“मग काय तुझ्या भाकरीला बेदाण्याचा वास येतोय?”

“आमच्या भाकरीला यील, दऱ्याप्पा,” पलीकडची एक म्हातारी म्हणाली. “तुज्या पगाराला तर कसलाच वास न्हाई.”

बायका हसल्या. सत्यव्वा हसली नाही. मी तिला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. शाळेला जायच्या आधी मायाक्का तिथंच होती. अकरा वर्षांची पोर, पण हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

“तिसरी तांबडी पडली, सत्यव्वा.”

“खाती की वो ती!” सत्यव्वा म्हणाली. “सकाळी दोन भाकरी खाती, रातच्याला चार. मी आर्ध्यावर उठती, पर तिला कमी पडू देत न्हाई. आन ती फुंकणी म्हनती उपाशी? मायव्वा देवीची आन, ताई.”

‘खाती की वो’ हे मी अकरा वर्षं प्रत्येक आईच्या तोंडून ऐकत आले होते. कुठली आई दुसरं काही म्हणेल? मी पोरीच्या दंडाकडं पाहिलं आणि दंडावर विश्वास ठेवला. पण गाडीही मला नको होती. गेल्या हंगामात याच शेडवरची दोन भावंडं सदनात गेली. धाकट्यानं परत आल्यावर आईला ‘बाई’ म्हणून हाक मारली, हे मी विसरले नव्हते.

“तिचा काही नेम-बिम आहे का गं?” मी विचारलं.

सत्यव्वाला कळलं नाही.

“म्हणजे देवीचा. काही बोलली असेल, धरला असेल. तसं असलं तर मला लिहिता येतं. मग गाडी येत नाही.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू उलगडत गेलं.

“हाय की,” ती म्हणाली. “मायव्वाचा नेम हाय. व्हय का न्हाई गं?”

मायाक्का तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी पीत होती. संपवून तिनं तोंड पुसलं, आईकडं पाहिलं.

“व्हय.”

“किती दिवसांचा?”

“लई दिवसांचा,” ती म्हणाली आणि पुन्हा टाकीकडं वळली.

दहाव्या वर्षी मी उकळलेल्या पाण्यावर दहा दिवस काढले होते. बारक्या पोरीच्या अंगात केवढं बळ असतं ते मला ठाऊक होतं. उपास चालू असताना पाणी किती गोड लागतं तेही. या काटकुळ्या पोरीबद्दल मला आदर वाटला. मी सही केली. बुधवारी तिनं फुंकर मारली, दिवा हिरवा झाला, त्यात समई दिसली. एक घर वाचवल्याचं समाधान घेऊन मी त्या दिवशी जेवले.

*

ही बातमी शेडांवर पसरायला आठवडाही लागला नाही. फाटकाशी बायका मला गाठायला लागल्या.

“ताई, आमच्या पोराचाबी नेम लिवा की.”

“कुठला नेम?”

“कुठलाबी लिवा. तुमास्नी म्हाईत.”

मी प्रत्येकीला नीट विचारायची. कुणी शपथ घेतली तर माझी लेखणी अडायची. शपथेवर संशय घ्यायचा कसा? काहींना परत पाठवलं. काहींचं लिहिलं. आणि मग मला लिहावंच लागेना. यंत्र शिकणारं होतं. एकवीस दिवस एकाच तऱ्हेचा श्वास आणि त्यापुढं व्रताची नोंद पाहिली, की त्या तऱ्हेच्या श्वासापुढं ते स्वतःच समई लावायला लागलं. आधी मायाक्काच्या नावापुढं, मग आमच्या शाळेत, मग शेजारच्या शाळांत. जिल्ह्याच्या विदा कार्यालयातून सरनोबत साहेबांचा फोन आला. माणूस हसतमुख, कामाला वाघ.

“मगदूम ताई, अभिनंदन! तुमच्या तालुक्यातल्या तांबड्या निम्म्यावर आल्यात. काय जादू केलीत?”

“मी काही केलं नाही, साहेब.”

“हाच तुमचा मोठेपणा,” ते म्हणाले.

मायाक्का वाळत चालली होती. कोळेकर गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, “ताई, ह्या पोरीला तासाला तीनदा बाहेर जायचं असतंय. पाणी पिती आन पळती. पोरगी हाय का पाइपलाइन?”

मी तिला नळापाशीच गाठलं. पायरीवर शेजारी बसवलं. तिच्या श्वासाला खरंच गोडसर वास होता. शेडवरून आली असेल असं मला वाटलं.

“माया, पुरे कर आता नेम. देवी रागवत नाही.”

“सोडला तर गाडी येती न्हवं?”

मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

“आन मी खाती, ताई,” ती खाली बघत म्हणाली. “लई खाती. पर आंगालाच लागत न्हाई. आई म्हनती, कुनाला सांगू नगस.”

ती खरं सांगत होती. दोघी मायलेकी मला दोनदा, सरळ शब्दांत, खरं सांगत होत्या. पण मी नेम पाळणाऱ्या घरातली. मी त्यातून जे ऐकलं ते असं, की पोरीनं नेम मोडलाय, चोरून खातेय आणि तिला त्याची लाज वाटतेय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“मोडला तर मोडला, बाळा. मी कुणाला सांगणार नाही.”

आणि खरंच मी कुणाला सांगितलं नाही.

*

फाल्गुनातल्या एका गुरुवारी प्रार्थनेच्या रांगेत ती खाली बसली, मग आडवी झाली. मी पोचले तेव्हा डोळे उघडे होते पण ओळख नव्हती. छाती भात्यासारखी चालत होती. इतका खोल, इतका घाईचा श्वास मी कुणाचा पाहिला नव्हता. आणि तो वास. शेडचा नव्हे, आता समोर मुळी शेडच नव्हती. त्या सकाळच्या हजेरीत तिच्या नावापुढं हिरवा दिवा होता. त्यात समई होती.

मिरजेला पोचेपर्यंत सत्यव्वा गाडीत तिचे तळवे चोळत होती. अतिदक्षता विभागातून एक तरुण डॉक्टरबाई बाहेर आल्या. डॉक्टर शिरगुप्पे.

“किती दिवस पाणी जास्त पितेय ही?”

“ती उपास करते,” मी म्हणाले. “तिचा नेम...”

“उपास?” त्यांनी माझ्याकडं, मग सत्यव्वाकडं पाहिलं. “साखर पाचशे ऐंशी आहे. कुणी सांगितलं उपास?”

सत्यव्वा खाली फरशीकडं बघत राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ते मला जास्त लागलं.

डॉक्टरबाईंनी मला समजावलं. पोरीच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबलं होतं. अन्नाची साखर होते, रक्तात येते, पण पेशींच्या दाराला कुलूप. इन्सुलिन ही त्याची किल्ली. चार भाकरी खाल्ल्या तरी आत काही जात नाही, सगळं लघवीवाटे निघून जातं. भरल्या घरात शरीर उपाशी. मग ते चरबी जाळायला घेतं, आणि जाळत सुटतं. “उपाशी माणसाचा आणि हिचा श्वास एकाच जातीचा. फरक प्रमाणाचा. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोराचा आकडा पाच-दहा असेल. हिचा आज दोनशेच्या पुढं आहे. शाळेत ते यंत्र आहे ना तुमच्याकडं? त्याला दिसला नाही?”

“त्याला दिसला असता,” मी म्हणाले. “मी त्याला बघू नकोस म्हणून सांगितलं होतं.”

सूर्य मावळायला आला होता, त्यानंतर मी पाणी घेत नाही. शेजारच्या बाकावरच्या कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. मी नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी मायाक्का उठून बसली आणि पहिला प्रश्न तिनं डॉक्टरबाईंना विचारला, “आता भाकरी आंगाला लागंल?”

*

सरनोबत साहेबांच्या खोलीत भिंतभर पडदा होता. त्यावर आमच्या तालुक्याचा नकाशा. जिथं जिथं त्या दिवशी समई लागली होती, तिथं एकेक ठिपका.

“दोनशे चौदा,” ते म्हणाले.

“साहेब, आज बुधवार. फाल्गुन. आज कुठलंही पर्व नाही.”

“आपला भाग भाविक आहे, ताई.”

“हे सगळे ठिपके शेडांवर आहेत.”

ते खुर्चीत मागं टेकले. हसू गेलं होतं, पण आवाज मऊच होता. “जूनपासून हा रकाना सगळ्या राज्यात लागू होतोय. तुमच्या नावानं. आणि तुम्ही मला सांगताय की तो चुकीचा आहे?”

“यांतली किती पोरं भुकेली आहेत, किती आजारी आहेत, हे मला कळायला हवं. यंत्र विसरू शकतं का हे?”

“शकतं. ज्या नोंदीवरून ते शिकलं, ती चूक ठरवायची. मूळ नोंद मायाक्काची, सही तुमची. तुम्हीच करू शकता.” त्यांनी पडदा बदलला. मायाक्काचा फोटो आला, दोन वेण्यांचा. “पण नीट ऐका. व्रताची नोंद चूक ठरली की ती तांबडी म्हणून जमा होते. आजाराला रकाना नाही. हिच्या एकोणचाळीस नोंदी आहेत. एकोणचाळीस तांबड्या झाल्या की गाडी आपोआप निघते, त्याला माझीही सही लागत नाही.”

“मी डॉक्टरांचं पत्र देते.”

“द्या ना. छाननीला पंधरा दिवस लागतात.”

“आणि ही बाकीची पोरं? त्यांची रक्ततपासणी करा. त्यांना गाड्या नकोत.”

“तपासणी सदनातच होते, ताई,” ते म्हणाले. “तशी व्यवस्था आहे.”

मी रुग्णालयात परत गेले. सत्यव्वा बाकावर बसून पोरीला सुई टोचायला शिकत होती. डॉक्टरबाईंनी तिला सरावासाठी संत्रं दिलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. नोंदी तशाच ठेवल्या तर मायाक्का तिच्याजवळ राहील. पण असाच श्वास घेऊन उद्या दुसरी कुणी पोर फाटकाशी आली तर तिच्यापुढंही समई लागेल, आणि तिला कुणी उचलून मिरजेला आणीलच असं नाही.

ती संत्र्यात सुई खुपसत राहिली.

“मी पयल्यांदा खरं सांगितलं हुतं, ताई,” ती म्हणाली. “खाती म्हनून.”

“हो.”

“नेम तुमी काडला. मला कुटं ठावं हुतं आसलं लिवायचं आसतंय म्हनून? तुमच्या तोंडातलं म्या उचललं.”

“हो, सत्यव्वा.”

“मग आता त्या दुसऱ्या पोरांच्या आयास्नी इचारा, तुमास्नी काय म्हनत्यात. मी माझ्या पोरीपुरतं बोलती. तीन म्हयने तिला दुसऱ्याच्या हातनं सुई नगं.”

मी तिच्याशेजारी बाकावर बसले.

“करनार तुमी,” ती माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली. “करा. पर आदी मला सांगा. पाटीमागनं करू नगा.”

मी तिला शब्द दिला. दोन दिवस मी देवळात बसले, उठले, जप मोजले, चुकले. ज्या पोराला आपण ओळखतो त्याच्यावर दया करणं सोपं असतं. न पाहिलेल्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं, की मायाक्काचाच यायचा. शनिवारी दुपारी मी तिच्या खाटेपाशी जाऊन सांगितलं, “सोमवारी सकाळी करणार आहे. पत्र दिलंय. गाडी आली तर मीही सदनात येईन, तिथंच राहीन तिच्याजवळ.”

सत्यव्वानं मान हलवली. मायाक्कानं मला संत्र्याची एक फोड दिली. तिच्या वाटणीच्या दोनांतली एक.

*

सोमवारी आठ वाजता मी शाळेत बसून एकोणचाळीस नोंदी चूक ठरवल्या. एकेक करून. नऊ वाजता फाटक उघडलं. पहिलं पोर, हिरवा. दुसरं, हिरवा. तिसरी, शेडवरची, तांबडा. मग पुन्हा तांबडा. यंत्र नुसतं त्या दिवसापुरतं विसरलं नव्हतं. त्यानं मागं जाऊन स्वतः लावलेली प्रत्येक समई पुसली होती, प्रत्येक जागी तांबडी लिहिली होती. दोनशे चौदा पोरांच्या तीन तांबड्या केव्हाच भरून वाहत होत्या.

साडेदहाला पहिल्या गाड्या शेडांच्या रस्त्याला लागल्या. पांढऱ्या, बाजूला कमळं रंगवलेल्या. बायका टेबलांवरून उठून धावल्या. बेदाणा जमिनीवर सांडला आणि त्यावरून सगळ्यांचे पाय गेले. दऱ्याप्पा एका गाडीच्या पुढं हात पसरून उभा होता, ओरडत होता, “आरं, जेवत्यात ती! माझ्या डोळ्यांदेकत जेवत्यात!” त्या म्हातारीनं मला पाहिलं आणि माझ्या दिशेनं थुंकली.

मी मिरजेला फोन लावला. डॉक्टरबाईच बोलल्या.

“त्या काल पहाटेच गेल्या. न सांगता. मी तुम्हालाच फोन करणार होते.”

“औषध?”

“चार दिवसांचं आहे त्यांच्याकडं. पुढचं आज द्यायचं होतं. मगदूमबाई, हिला एक दिवस चुकवून चालणार नाही. नेलंय कुठं त्यांनी?”

पुढं सदनात सगळ्यांचं रक्त तपासलं. आणखी दोघांना तोच आजार निघाला. एक सात वर्षांची मुलगी, एक नववीतला मुलगा. दोघंही आठवडा काढू शकले नसते असं तिथले डॉक्टर म्हणाले. सरनोबत साहेबांनी मला ते मुद्दाम कळवलं. उरलेल्यांत काही भुकेले होते, बरेचसे नव्हते. पण तीन महिने म्हणजे तीन महिने.

त्या सोमवारीच मी डॉक्टरबाईंकडून इन्सुलिनची पेनं घेतली, बर्फाच्या पिशव्यांसकट डब्यात भरली आणि निघाले. मी शेडा ओळखते. कुठल्या गावची बाई कुठल्या शेडवर उतरते, कुणाची नणंद कुठं दिलीय, हे माझं अकरा वर्षांचं काम. सोमवारी कवठ्याकडच्या शेडा पाहिल्या, मंगळवारी जतच्या. सगळीकडं तेच. मी येताना दिसले की पोरं आत जायची. बायका कामावरून नजर उचलायच्या नाहीत. “सत्यव्वा? न्हाई बा. आसलं नावच ऐकल्यालं न्हाई.” मी डबा उघडून दाखवायची, म्हणायची, हे औषध आहे, मला गाडीशी काही करायचं नाही. त्या डब्याकडं बघायच्या. त्यांना तोही कसलीतरी फुंकणीच वाटत असणार.

बुधवारी दुपारी मी सीमेपलीकडं गेले. चौथा दिवस. बर्फ दोनदा बदलला होता. सिंदगीच्या वाटेवर एक नवी शेड दिसली, अजून पत्रेही पुरते न घातलेली. दोरीवर एक निळा परकर वाळत होता. तो मायाक्काचा असेल, नसेल. दारात पाच-सहा वर्षांची एक पोरगी मातीत रेघोट्या ओढत बसली होती.

मी लांबूनच खाली बसले, तिला घाबरवायला नको म्हणून. डबा मांडीवर घेतला.

“बाळा, इथं मायाक्का आलीय का? तिचं औषध आणलंय मी. आजच द्यायला हवं.”

तिनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहिलं. मग आत, काळोखाकडं पाहिलं. तिथं काहीतरी हललं आणि थांबलं.

पोरीनं ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले आणि दोन्ही हातांनी नाक दाबून, मी जाईपर्यंत, श्वास रोखून धरला.